गुळाची रांग

थंडी पडायला लागली की आमच्या कळंब्याच्या रस्त्याला गुळाचा वास सुटतो. आता गुऱ्हाळं राहिलीत कितीशी? पूर्वी शेताशेतातून धूर दिसायचा. आता नव्या अपार्टमेंटच्या मागे, चुकून राहून गेल्यासारखं एखादं. पण रस आटवायच्या एका काहिलीचा वाससुद्धा अर्ध्या कळंब्याला पुरतो. शाळा सुटल्यावर मी स्कूटरवरून घरी येते तेव्हा तो वळणावरच गाठतो. उकळत्या रसाचा वास, त्यात चिपाडं जळल्याचा थोडासा. मागे बसलेल्या कुलकर्णी मॅडम म्हणतात, “थांबा की ओ, काकवी घेऊया.” मी थांबत नाही. त्यांना वाटतं मला शुगर असावी. वाटू दे.

आमच्या घरी गूळ शेतातून आला नाही, कारखान्यातून आला. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला साखर कारखाना वाटतो. तो कारखाना लोखंडाचा. आबा, म्हणजे माझे वडील महादू पाटील, शिरोलीच्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे बनवायचे. वितळलेलं लोखंड त्या साच्यात ओतायचं, निवलं की साचा फोडायचा, वाळू झाडायची, आणि आतून निघालेला तुकडा दुसऱ्या खात्यात घासून साफ करायचा. या सगळ्यात धूळ एवढी उडायची की दुपारच्या उन्हातही आत दिवे लावावे लागत. आबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळीमागे, नखांत, पापण्यांच्या मुळाशी काळं असायचं. सकाळी मोरीत खाकरायचे तेही काळंच. आई पाणी ओतायची आणि कुणी काही बोलायचं नाही, कारण गल्लीतल्या निम्म्या मोऱ्यांतून तेच वाहत होतं.

या धुळीवरचा इलाज म्हणजे गूळ. पाळी सुटली की फाउंड्रीतल्या माणसानं गुळाचा खडा चघळायचा. घशातली धूळ गुळाला चिकटते, पोटात जाते आणि छाती मोकळी होते, अशी सगळ्यांची पक्की समजूत. डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, कुणी तपासलेलं नव्हतं, पण आबांच्या बापानंही भट्टीवर काम केलेलं, त्यालाही कुणीतरी हेच सांगितलेलं. कोल्हापुरात गुळावर अविश्वास दाखवायचा तरी कसा?

हा गूळ कंपनीनं द्यावा म्हणून युनियननं संप केला होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मागण्या दोन होत्या. एक, धूळ ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा. दुसरी, रोज पाळी सुटताना गूळ. पावसाच्या दिवसांत माणसं गेटबाहेर ताडपत्रीखाली बसून होती. आई भाकरी बांधून द्यायची. शेवटी साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, गूळ उद्यापासून सुरू करतो, पंख्याचं बघू. आबा गुलालात माखून घरी आले. खाली काजळी, वर गुलाल. आईनं ओवाळलं. गल्लीत पेढे वाटले. पंख्याचं पुढं काय झालं हे विचारायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही, आणि नंतर विचारणं बरं दिसलं नाही.

‘बघू’ हा शब्द आमच्याकडे फार चालतो. नाही म्हणायला आम्हा मराठी माणसांना जड जातं. सोयरिकीला नकार द्यायचा असला तरी “बघून कळवतो”, उसनवारीला “बघू पुढच्या महिन्यात”. ऐकणाराही मुरलेला असतो, तो समजून घेतो आणि चहा पिऊन उठतो. आबा मात्र सरळ माणूस. त्यांना ‘बघू’ म्हणजे बघणार असंच वाटायचं. वर्षं गेली तरी ते आईला सांगायचे, “पंख्याचं काम वरच्या लेवलला चाललंय.”

गूळ वाटायचं काम युनियननं आबांकडे दिलं. टाइम ऑफिसच्या शेजारी एक लाकडी पेटी, तीत बादलीच्या आकाराचा गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, आणि फोडायला हातोडी. पाळी सुटली की रांग लागायची. आबांचे खडे कधीच सारखे नसत. जो जास्त खोकायचा त्याला मोठा. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, “तूबी खोकून दाखव, देतो.” सगळे हसायचे. मला वाटतं, त्या रांगेत त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटत असे. घरात त्यांचं कुणी फारसं ऐकत नव्हतं, आईपुढे तर नाहीच. गेटवर मात्र साहेबाची गाडीसुद्धा रांग सरेपर्यंत थांबायची.

आणि गूळ हा त्या युनियनच्या कमाईतला सगळ्यात लहान वाटा होता, हेही सांगायला हवं. कॅंटीन, कंपनीची बस, पायांत बूट, आईच्या ऑपरेशनचं बिल, माझं कॉलेज. माझ्या अंगावर आज जी इस्त्रीची साडी आहे तिच्या मुळाशी ताडपत्रीखाली भिजलेली ती माणसं आहेत. युनियन म्हणजे नुसती दंगेखोरी, असं आमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. हल्ली मी वाद घालत नाही, वह्या तपासायला घेते.

पण मला सांगायचं आहे ते एका हिवाळ्याचं.

माझा धाकटा भाऊ संजू त्या वर्षी त्याच फाउंड्रीत लागला. कंपनीत नाही, ठेकेदाराकडे. पूर्वी बाप रिटायर होताना पोराला घ्यायचे, ते कलम केव्हाच गळालं होतं. संजू घासायच्या खात्यात होता, जिथं धूळ सगळ्यात जास्त. आबांची निळी बस सकाळी कोपऱ्यावर यायची, ते खिडकीशी बसायचे. बस फक्त कायम कामगारांना. संजू सायकलवर. दोघं एकाच घरातून निघून एकाच गेटला पोचायचे. थंडीत संजूचे कान लाल झालेले असत आणि आबा बसच्या मागच्या काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत असत. हे मला आबांनीच एकदा सांगितलं, दुसरंच काहीतरी सांगता सांगता.

त्याच हिवाळ्यात नवा करार होता. आबा कमिटीत. दत्तूकाका सेक्रेटरी. दत्तूकाका आबांचे बालमित्र, बोलण्यात पटाईत, आबांसारखाच सरळ पण जरा जास्त घाई असलेला माणूस. दोघं आमच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत, बसून बोलायचे आणि मी आत अभ्यास करत ऐकायचे. कंपनी चांगला करार देत होती. पगारवाढ, आईवडिलांना दवाखान्याचा विमा, बस राहणार, गूळ राहणार. फक्त ठेकेदाराच्या माणसांबद्दल करारात एक अक्षर नको.

“आपली माणसं रिटायर व्हायला लागल्यात, दत्तू,” आबा म्हणाले. “नवी कुठं घ्यायलेत? सगळी ठेकेदाराचीच. त्यास्नी सोडून आपून सही केली तर उद्या युनियनमधी राहणार कोण?”

“आत्ता मिळतंय ते घिऊया की. त्यांचं पुढच्या कराराला काढू.”

“आन माझा संजू?”

दत्तूकाकांनी आतल्या दाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, “साहेबानं माझ्यादेखत सांगितलंय. महादूच्या पोराचं आपण बघू म्हणालाय.”

आबांनी सही केली.

करार झाल्यावर कंपनीनं कार्डं वाटली. कायम कामगारांना निळं, ठेकेदाराच्या माणसांना पिवळं. आणि गुळाच्या रांगेपाशी सिक्युरिटीचा माणूस उभा राहिला. करारात लिहिलंय तसं, निळ्या कार्डाला गूळ. तोवर रांगेत सगळेच असायचे. धूळ काही कार्ड बघून नाकात जात नव्हती.

त्या दिवशी मी गेटवर होते. कबनूरला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता आणि आबा, संजू, मी असे तिघं तिथूनच एसटीनं जाणार होतो. मी पेटीपासून थोडी लांब, बाभळीखाली उभी. पाळी सुटली. आबांनी हातोडी घेतली. निळी कार्डं पुढं सरकत होती. आणि त्यांच्यात, रोजच्या सवयीनं, संजू. त्याच्या तोंडाला बांधलेला रुमाल काळा झालेला, खांद्यावर कबनूरला घालायच्या शर्टाची पिशवी. त्याच्या मागं त्याच्याच खात्यातली आणखी पिवळ्या कार्डाची माणसं होती, काय होतंय ते बघत.

संजूनं हात पुढं केला.

आबांच्या हातात खडा होता. चांगला मोठा, कारण संजू आठवडाभर खोकत होता. सिक्युरिटीवाल्यानं नजर दुसरीकडं वळवली. महादू पाटलाचा पोरगा म्हणून त्यानं कदाचित सोडूनही दिलं असतं. आबांनी संजूकडं बघितलं, मग त्याच्या मागच्या माणसांकडं. आपल्या पोराला दिला आणि त्यांना नाही, असं त्यांना करवेना. सगळ्यांना द्यायचा तर स्वतः सही केलेला करार मोडावा लागत होता.

“पिवळं कार्ड बाजूला,” आबा म्हणाले.

संजूचा हात तसाच होता. त्याला वाटलं चेष्टा आहे. “आबा, मी हाय.”

“बाजूला हो म्हटलं न्हवं? रांग आडलीया.”

तो बाजूला झाला. मागची माणसंही झाली. कुणी भांडलं नाही, हे मला अजून बोचतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

कबनूरच्या एसटीत आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. हायवे सुटल्यावर आबांनी शर्टाच्या खिशातून स्वतःच्या वाट्याचा खडा काढला, रुमालात पुसला आणि संजूपुढं धरला. “खा. धूळ खाली बसती.”

संजू खिडकीबाहेर बघत होता. बाहेर उसाच्या तोडी चालल्या होत्या. आबांचा हात एसटीच्या धक्क्यांनी हलत राहिला, मग खिशाकडं परत गेला. साखरपुड्यात सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, ती संजूनं खाल्ली. गूळ मात्र त्यानं त्या दिवसापासून तोंडाला लावला नाही. होळीची पोळीसुद्धा त्याला साखरेची वेगळी करावी लागायची.

आणि आबा रोज आपला खडा घरी आणायला लागले. जेवताना संजूच्या ताटाशेजारी ठेवायचे. संजू जेवून उठायचा, खडा तिथंच. आई तो उचलून डब्यात टाकायची. एक डबा भरला, दुसरा भरला. मुंग्या लागल्या. “एवढ्या गुळाचं मी काय करतो?” आई वैतागायची. आमच्या कोल्हापूरच्या बायका स्वतःला ‘करतो’च म्हणतात. लाडू करून झाले, कापण्या करून झाल्या, गल्लीत वाटून झालं. आबा खडा आणायचे थांबले नाहीत आणि स्वतःही खायचे नाहीत. बापलेकांत बोलणं होतं, नाही असं नाही. सायकलचं पंक्चर, लाइट बिल, मॅच. गुळाबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. त्या हिवाळ्यात आमच्या घराला सारखा गोड वास येत होता. मला तो असह्य व्हायचा.

पुढच्या करारात ठेकेदाराच्या माणसांचा विषय निघाला नाही. त्याच्या पुढच्यात काढायला माणसंच उरली नव्हती. दर वर्षी कुणीतरी हार घालून, शाल घेऊन गेटबाहेर पडायचा आणि गुळाची रांग एका माणसानं आखडायची. शेवटी शेवटी आबा गूळ फोडायचे तो मूठभर माणसांसाठी. शेजारून पिवळ्या कार्डांचा लोंढा जायचा, त्यात बिहारची, ओडिशाची पोरंही आली होती, आणि त्यांना ही पेटी कसली हेही माहीत नव्हतं. युनियनचा फलक अजून गेटवर आहे. दर वर्षी रंगवतात. युनियन गणपती बसवते, दहावीतल्या पोरांचे सत्कार करते, गणपतीपुळ्याला सहल नेते. त्यात वाईट काही नाही. गुळाची पेटी जाऊन आधी पाकिटं आली, मग कूपन, मग फोनवर काहीतरी. संजूला हल्ली वाढदिवसाला फुग्यांचं चित्र येतं, खाली लिहिलेलं असतं, आमच्या परिवारातील मौल्यवान सदस्यास. कुठल्या परिवारातल्या, ते समजत नाही. ठेकेदार बदलत गेले, संजू त्याच ग्राइंडरपाशी उभा आहे. ठेकेदार बदलला की दवाखान्याचं कार्ड बदलतं आणि नवं येईपर्यंत आजारी पडायचं नसतं.

मला तरी वेगळं काय म्हणायचा अधिकार आहे? काकवी घ्यायला थांबा म्हणणाऱ्या कुलकर्णी मॅडम तासिकेवर आहेत. माझ्याच इयत्तेला शिकवतात, माझ्यापेक्षा बरं शिकवतात. मे महिन्यात त्यांना पगार नसतो. आमच्या संघटनेच्या सभेत त्यांना बोलावत नाहीत. मी एकदा विषय काढला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, बघू. मी चहा पिऊन उठले.

आबा रिटायर झाल्यावर खोकला वाढला. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे, म्हणजे दम लागलाय हे दिसू नये. शेवटी छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. फोटो उजेडावर धरून म्हणाले की ही वाळू आहे, आत बसलेली, आता निघणार नाही. आबांना ते पटेना.

“पण आमी गूळ खायचो की डॉक्टर. रोज. न चुकता.”

“गूळ पोटात जातो, आबा. धूळ फुप्फुसात. दोघांची वाटेत कुठं गाठच पडत नाही.”

डॉक्टर वाईट हेतूनं बोलले नाहीत. आबांनी फोटो पाकिटात घातला. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “म्हंजे पंखाच मागायला पाहिजे हुता.”

मी म्हटलं, “मागितलेला की तुम्ही.”

“व्हय,” आबा म्हणाले. “बघतो म्हणालेला त्यो.”

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला आबा गेले. ऑक्सिजनची नळी लावलेली असायची, तरी संजू कामावरून आला की मान वळवायचे. एकदा मला जवळ बोलावून विचारलं, “संजूचं काय झालं?” मी म्हटलं, चाललंय. हे उत्तर त्यांना पुरलं नाही, ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा जीव कशात आहे ते आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि देण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवले. आईनं पानावर आबांच्या आवडीचं वाढलं होतं, कडेला गुळाचा खडा. कावळे झाडावर होते, तारेवर होते, खाली येत नव्हते. मी शिकलेली बाई आहे, कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. तरी त्या वेळी मीही तारेवरची नजर काढली नाही. आईनं हात जोडून सांगितलं, माझी काळजी करू नका. कावळा हलला नाही. मी सांगितलं, आईला मी सांभाळते. नाही. संजू पुढं झाला, हात जोडून नुसता उभा राहिला. ऊन चढायला लागलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करूया.

तेव्हा दत्तूकाका पुढं आले. काठीवर आलेले, त्यांचीही छाती वाजत होती. युनियनमधून निघून त्यांना कितीतरी वर्षं झालेली. त्यांनी काठी बगलेत धरली, हात जोडले आणि दाटल्या आवाजात म्हणाले, “महादू, पोराचं आमी बघतो. पर्मनंट करून घेतो. तू जा आता.”

तारेवरचा एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. “पोरात जीव आडकलता,” कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. दत्तूकाकांना मात्र तसं वाटलं नाही. ते त्या कावळ्याकडं असे बघत होते की मला त्यांच्याकडं बघवेना. आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

संजू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, “ताई, आबांनी परत खरं धरलं की गं.”

आता थंडी आली आहे. आई आता माझ्याकडे असते; रविवारी संजू तिला भेटायला आला होता. दारातच चप्पल काढता काढता त्याला खोकला आला आणि भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. मला वाटलं, आता कॅलेंडर बघेल. आई आत गेली आणि सवयीनं डबा घेऊन आली. झाकण काढून तिनं खडा त्याच्यापुढं धरला. “खा बाबा. धूळ खाली बसती.”

डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. संजूनं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या हाताकडं. खडा घेतला आणि तोंडात टाकला. इतक्या वर्षांनी. आईनं डब्याचं झाकण लावलं.

“संजू,” मी म्हटलं, “उद्याच्या उद्या छातीचा फोटो काढून घे. मी येते बरोबर.”

गूळ चघळत तो म्हणाला, “बघू की.”